सस्ताई नावाची बाई

(अकोल्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या सुमनबाईंनी सांगितलं, तसंच लिहून घेतलं.)

माहं माहेर बार्शीटाकळीकडचं. घरचं वावर नाई, माय-बाप दोघंबी दुसऱ्याच्या कामावर, म्हणून मी आजीपाशी वाढली, म्हणजे माह्या बापाच्या मायपाशी. बुढी म्हणो आमी तिले, तोंडाची फाटकी पण हाताची मऊ. माह्या डोक्याले तेल लावता लावता सांगे, पोरी, माह्या लहान भावाले सस्ताईनं नेलं. आता काय सांगू तुमाले, मी तवा इतकुशी, मले वाटे सस्ताई म्हणजे मरीआईसारखी कोणी आई असन, गावाच्या शिवंवर राहत असन, लेकरं नेत असन. आमच्या घरी तं देव-देव्या कधीच्या सोडलेल्या, धम्म घेतलेला, तरी मी गुपचूप शिवंवरच्या एका गोट्यापाशी भाकरीचा तुकडा ठेवून आली, म्हटलं सस्ताई, माह्या भावाले नको नेजो. बुढीले समजलं तं तिनं पाठीत धपका घातला अन् मंग मलेच पोटाशी धरून रडली. मारते काहून अन् रडते काहून, मले काई समजलं नाई.

मोठी झाली, बाजारात जाऊ लागली, तवा समजलं का सस्ताई म्हणजे सस्तं होणं. मंग वाटलं बुढीचं डोकं फिरलं हाये. सस्तं झालं तं माणूस पोटभर खाईन ना वो, मरन कायले?

माहं लगन अकोल्यात झालं. आंगावर पांढरं पातळ, वंदना झाली, हार घातले, पंगत बसली. अन् माह्या मामसासऱ्यानं उठून म्हटलं, सून चांगल्या पायगुणाची दिसते, इच्या पायानं मुलखात सस्ताई येवो. चांगलंच बोलला ना तो? त्या साली तेल काय अन् डाळ काय, सारंच महाग. पण बुढी ताटावरून उठली, वरणानं माखलेला हात तसाच, अन् भर पंगतीत म्हणते, माह्या पोरीच्या डोक्यावर सस्ताई नको. लोक काय हासले, बाप्पा! मामसासरा लाल झाला. बुढी तशीच मांडवातून निंगून मोटारस्टँडवर गेली. मी पाया पडाले वाकणार होती, थे राहूनच गेलं, तिनं माह्या डोक्यावर हात ठेवला नाई. सासरचे मंग मले टोमणे मारत, सस्ताई आली वं, दार लावा. थोड्याच दिवसांत बुढी गेली. मी रडली तिच्यासाठी, खोटं कायले सांगू, पण मनात गाठ राह्यली, का साऱ्यांनी आशीर्वाद देल्ला अन् जिनं वाढवलं तिनंच नाई देल्ला.

मंग मी भाजीत पडली. मालक, म्हणजे आमचे हे, हमाली करत, आता नाईत. सांबार इकते मी जास्ती, तुमी लोकं कोथिंबीर म्हणता. तं थे असो. माह्या मोठ्या पोरीची पोरगी, प्रज्ञा, अमरावतीले अर्थशास्त्र शिकते. सुटीत आली, जेवता जेवता म्हणते, आजी, मले जुन्या काळच्या मोठ्या मंदीवर लिहायचं हाये, लोकं कसे जगले थे. तुह्या आजीनं काई सांगितलं का? मी म्हटलं, बाई, आमच्या घरी मंदीबिंदी काई आली नाई, एक सस्ताई आली होती तेवढी. अन् हासत हासत लग्नाची गोठ सांगितली. पोट्टी हासलीच नाई, घास हातात तसाच. म्हणते, आजी वं, थेच. थेच मंदी.

मंग ती समजावून सांगाले बसली. म्हणे तिकडं अमेरिकेत बाजार कोसळला, गिरण्या थंडावल्या, कापूस कोणी घेईना. मी म्हटलं, तिकडं बाजार पडला तं इकडं बुढीच्या मायच्या हातचं काम काहून गेलं? ती म्हणे, तसं नाई आजी, अन् काई सोन्याचं सांगे, काई इंग्रज सरकारचं सांगे. एक धरलं का दुसरं सुटे. तिलेबी पुरं समजलं नाई वाटते, म्हणे आमचे सरच वेगवेगळं सांगतात, एक म्हणतात यानं झालं, दुसरे म्हणतात त्यानं.

पण मले बुढीचे बोल आठवले, तवा म्या थे कानावर घेतले नव्हते. पऱ्हाटी पांढरीफट फुटलेली, अन् वावराचा मालक म्हणे येचू नका, येचणीची मजुरीबी निंगत नाई. कापूस वावरातच लोंबला. दुकानात जवारीचे पोते तोंड उघडून ठेवलेले, कधी नाई इतकी सस्ती, अन् बुढीची माय लेकराले कडेवर घेऊन समोर हुबी राहे, अन् घरी येऊन आंबाडीचा पाला शिजवे. दुकानदार म्हणे, बाई, आता याच्याहून सस्ती कशी देऊ? थेच लेकरू, बुढीचा लहान भाऊ, गेलं त्या हिवाळ्यात.

मी बाजारात बसणारी, मले तं हे आंदीच समजाले पायजे होतं. सांबार मातीमोल झाला का गिऱ्हाईक खुश, अन् मी संध्याकाळी जुड्या गायीपुढं टाकते. पण तेल घ्याले गेली का मीच म्हणते, सस्तं दे ना बापा. मंग मी सस्ताईच्या कोणत्या बाजूची? सांगा तुमी.

अन् बुढी त्या दिवशी माह्यावर रुसून गेली का माह्यासाठी भांडून गेली? प्रज्ञा म्हणते, भांडून. मी म्हटलं, तं मंग डोक्यावर हात काहून नाई ठेवला? पोट्टी म्हणते, आजी, तिच्या हाताले वरण होतं ना वं, अन् तुह्या आंगावर पांढरं पातळ. इतके वर्ष झाले, माह्या ध्यानातच नाई आलं. खरं-खोटं बुढीले माहीत, आता कोणाले इचारू?

परवा प्रज्ञा अमरावतीले निंगाली, मोटारीवर जाता जाता बाजारात आली, माह्या पाया पडली. माहे हात चिखलानं भरलेले, तरी ठेवला तिच्या डोक्यावर, होऊ दे केस खराब. म्हटलं, पोरी, हाताले काम राहो, अन् तुह्या डोक्यावर सस्ताई नको येवो. सांबार घेणारी बाई म्हणते, अवं काकू, असा कसा आशीर्वाद? मी म्हटलं, आमच्या बुढीचा हाये. मले लग्नात देल्ला होता.