गालावरचा तीळ

आमच्या देशपांडेकाकांच्या क्लासचं सांगितलंय का कधी? रिटायर होऊन दिल्लीत मयूर विहारच्या नव्या फ्लॅटात आले आणि दर रविवारी आम्हा चौघांना पोर्ट्रेट शिकवायला लागले. पुस्तक एकच. त्यात कुणा विलायती उस्तादानं काढलेला म्हातारा. दोन वर्षं आम्ही तोच उतरवला.

काका म्हणायचे, "गालावरचा तीळ जमला, की माणूस जमला."

मग बाजार खुला झाला, परदेशी शाम्पूंमागोमाग परदेशी चित्रंही दिल्लीत यायला लागली. एका प्रदर्शनात आमचा म्हातारा आला, अस्सल! काकूंसकट सगळे बसनं गेलो. बघतो तर गाल साफ.

काकूंना हसू आवरेना. "अहो, तो माझ्या फोडणीचा डाग होता पुस्तकावर!"

काका चित्रासमोरून हलेनात. शेवटी म्हणाले, "हात चांगला आहे याचा. पण तीळ राहिला."