चारची वेळ

किटवे या खाणींच्या शहरातल्या थांब्यावरची मिनीबस भरल्याशिवाय सुटणार नव्हती. मागच्या बाकावर बसलेल्या न्गोसाच्या कानांवर पुढच्या दोघांचं बोलणं पडत होतं. एक बाई होती आणि मांडीवर हत्यारांची पिशवी घेतलेला फ्रिजचा मिस्त्री.

“शनिवारी येतो, ताई. किती वाजता येऊ?”

“कधीही या. फक्त वेळ सांगू नका.”

“अहो, लोक वेळेसाठी माझं डोकं खातात! न सांगता गेलो, की दाराला कुलूप.”

“बाबा असतात घरी. तुम्ही चार म्हणालात, तर ते सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी खुर्ची टाकतील.”

“मिस्त्रीसाठी इस्त्रीचा शर्ट?”

“माझा भाऊ खाणीत होता. जाताना म्हणाला, ‘बाबा, चारला घरी येतो.’ त्या दिवशी खाण ढासळली.”

“अरेरे.”

“तेव्हापासून कुणीही वेळ दिली, की बाबा तिथं जाऊन बसतात. माणूस उशिरा येतो, नाहीतर येतच नाही. अंधार पडला तरी ते उठत नाहीत. हाताला धरून आत आणावं लागतं.”

दार ओढलं गेलं, गाडी निघाली.

“ताई, बाबांना सांगा, मिस्त्री चारला येतोय.”

“नको हो! वाटेत तुमचं काही अडलं तर?”

“त्या दिवशी दुसरं काम घेत नाही. तीनलाच तुमच्या कोपऱ्यावर येऊन थांबतो. चारला फाटक वाजवतो.”

बाई त्याच्याकडे झुकली. मग तिनं घराचा पत्ता सांगितला, पण इतक्या हळू, की न्गोसाला तो ऐकू आला नाही.