एकोणीस नंबरच्या गाडीचं डावं मडगार्ड

माननीय अध्यक्षा मिस वेदरॉल, सत्कारमूर्ती श्री. डेस्मंड पर्किस, सौ. पर्किस, रंगखात्यापासून गादीखात्यापर्यंतचे माझे सारे सहकारी, आणि सतरा वर्षांनी या कारखान्याच्या दारातून आत येऊन शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसलेले माझे वडील, एडगर स्कॉफिल्ड. सर्वांना माझं अभिवादन.

मला भाषणाची सवय नाही. म्हणून लिहून आणलंय आणि तारखा दोनदा तपासल्यात. पत्राखात्यातर्फे मीच बोलावं, ही पर्किस साहेबांचीच इच्छा. ते मला म्हणाले, "तूच बोल, पोरी. डेस्मंड पर्किसचं मन केवढं मोठं, ते लोकांना कळू दे." आज त्याचाच प्रयत्न करते.

साहेबांनी अडतीस वर्षं या गाड्या तपासल्या. नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी सांगतात, "पत्रा मी बाहेरून बघतो आणि आतूनही बघतो. मगच शिक्का." खरं ना, साहेब? मान हलवलीत, आभारी आहे. हे वाक्य सर्वांनी लक्षात ठेवावं.

आपल्याकडे मडगार्ड साच्यातून पडत नाही. वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्यानं ते घडतं. ॲल्युमिनियम ठोकून ठोकून कडक झालं की साबण फासून आंच द्यायची. साबण काळा पडला की पत्रा मऊ झाला. मी हे शाळेत जायच्या आधी शिकले, घरामागच्या शेडमध्ये, बाबांकडून.

नऊ ऑक्टोबर एकोणीसशे एकोणऐंशी, मंगळवार. एकोणीस नंबरची गाडी, डावं मडगार्ड. बाबा म्हणाले, "साहेब, पत्रा कडक झालाय. आंच द्यायला दोन तास द्या."

"प्रदर्शन तोंडावर आलंय, एडगर. तुझा साबण आंघोळीला ठेव!"

ही फक्त बाबांची साक्ष नाही. पत्र्याचं दुसरं टोक लेन हॉब्डेकाकांनी धरलं होतं. काका, चुकत असेन तर इथेच अडवा.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी दिव्याजवळ तडा गेला. साहेबांनी मालकांना सांगितलं, "म्हाताऱ्याचा हात गेलाय." म्हातारा तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. बाबांना काढलं, भिंतीवरच्या कारागिरांच्या फळीवरून त्यांचं नाव तासून टाकलं, आणि दोष पकडला म्हणून साहेब तपासणीप्रमुख झाले. मी इथे लागले तेव्हा त्यांनी मला सल्ला दिला, "बापाचा हात घरी ठेवून ये हं, पोरी." खातं हसलं होतं. मीही हसले. त्याची मला आजही लाज वाटते.

आता भेटवस्तू. निवृत्त होणाऱ्याला जुन्या गाडीचा पत्रा द्यायचा आणि त्याच्या आतल्या बाजूला सर्वांनी सह्या करायच्या, ही आपली रीत. तडा सांधून इतकी वर्षं तेच मडगार्ड वापरलेली एकोणीस नंबरची गाडी यंदा नव्या मडगार्डसाठी आली, तेव्हा साहेब स्वतः म्हणाले, "जुनं मलाच द्या. त्या गाडीनंच मला वर चढवलं."

पत्राखात्याची आणखी एक रीत आहे. ती तपासनिसांना आम्ही कधी सांगितली नाही. पत्रा गाडीवर बसण्याआधी घडवणारा आतून पेन्सिलीनं दोन शब्द लिहितो. कुणी मुलाच्या जन्माची तारीख, कुणी फुटबॉलचा निकाल.

सौ. पर्किस, ते कापड जरा बाजूला करता? लेनकाका, उलटं धरा, सर्वांना दिसू दे.

वाचते. "पत्रा कडक आहे. आंच द्यायला वेळ नाकारला. तडा जाईल. ए. स्कॉफिल्ड, ९ ऑक्टोबर."

हे नंतर सुचलेलं निमित्त नाही. पेन्सिल आतल्या पारदर्शक लाखेच्या खाली आहे, आणि लाख प्रदर्शनाच्या आधी मारली होती. लाखेच्या वर, त्या अक्षरांपासून चार बोटांवर, निळा शिक्का आहे. डी. पी.

साहेब, तुम्ही आतून बघता. मग हे वाचलंत आणि गप्प बसलात. की बघत नाही, आणि अडतीस वर्षं नुसताच शिक्का मारलात? दोन्हीपैकी एकच खरं असेल. कुठलं, ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेलं मी सांगत नाही. मडगार्ड तुमच्या दिवाणखान्यात टांगलेलं असेल. पाहुणे विचारतील, तेव्हा तुम्हीच सांगा.

भोवती एक्केचाळीस सह्या आहेत. प्रत्येकानं ती ओळ वाचून सही केली. तीन आठवडे कुणीही तोंड उघडलं नाही. खात्याचे आभार. बेचाळिसावी जागा मोकळी ठेवली आहे. बाबा, वर या. पेन्सिल मी आणली आहे. अध्यक्षा महोदया, फळीवरची तासलेली जागाही अजून मोकळीच आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. माझ्याकडून काही चुकलं असेल तर मी क्षमा मागते. आणखी कुणाची क्षमा मागायची राहिली असेल, तर बाबा पायऱ्या चढेपर्यंत माइक चालू ठेवते.