गाण्यातला थांबा

चोरी शाबीत करता आली नाही, पण माझा संशय अजून गेलेला नाही. सातवीत शाळा सुटल्यापासून मी कंधारला हमीदचाचांच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचो. ही गोष्ट घडली त्या साली दुष्काळ होता. फुंकून फुंकून तोंड कोरडं पडायचं आणि सगळ्यांत मिळून पाण्याची एकच कळशी. म्हणून ऐन गाण्यात चाचा हात वर करायचे. आम्ही फुंकणारे थांबून एकेक घोट घ्यायचो, तोवर एकटा ढोल घुमायचा. लोकांना नेमकं तेच आवडायला लागलं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. तिथल्या एका मोठ्या बँडनं ढोलावर ‘जिल्ह्याचा बँड’ असं रंगवून घेतलं होतं. अहमदपूरच्या एका वरातीत आम्ही त्यांना ऐकलं, तर ऐन गाण्यात सगळे गप्प आणि एकटा ढोल.

मी चाचांच्या कानाशी लागलो. “चाचा, ह्यांनी आपलंच उचललं. पाणी तर कुणीच पिऊन न्हाई राहिलं. मग थांबले कशाला?”

“थांबंल की कुणीबी, बेटा. सबूत काय हाय?”

ज्या घरची ती वरात, तिथेच आठवड्यानं धाकट्या मुलाचीही वरात निघणार होती. ती आम्हाला मिळावी म्हणून आम्ही अंगणात वाजवून दाखवलं. चाचांनी हात वर केला, कळशी फिरली, ढोल घुमला. नवरदेवाच्या बापानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“लातूरवाल्यांची नक्कल बरी करता,” तो म्हणाला. “पर वरात त्यांनाच देतो. ते थांबले की कसे ताठ उभे राहतात. तुम्ही मधीच पाणी पिऊन राहिलात.”