पालथा ग्लास

(बायकांचा वॉर्ड. दुपारचे साडेबारा. आठ नंबरच्या खाटेवर खुब्याचं ऑपरेशन झालेली सासू. शेजारची सात नंबरची खाट रिकामी. धाकटी सून याच वॉर्डची इनचार्ज सिस्टर.)

सासू : आधी ती उशी नीट कर. खिळे माझ्या खुब्यात ठोकलेत, भिंतीत नाही. मग विचार काय विचारायचंय ते.

सून : झाली नीट. आता सांगा. काल दुपारी सात नंबरला पाणी कुणी दिलं?

सासू : मला काय इथे पहाऱ्याला बसवलंय?

सून : आई, तुमच्या आणि तिच्या खाटेत दोन हातांचं अंतर. आणि घरात दुधावरची साय कुणी खाल्ली ते तुम्हाला झोपेत कळतं.

सासू : ते माझं घर. इथली मालकीण तू. तूच शोध.

सून : ती बाई आयसीयूत आहे. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिची गिळायची ताकद गेलीय. साधं पाणी दिलं तर पोटात न जाता फुप्फुसात जातं. तिला पाणीसुद्धा दाट करून, चमच्या-चमच्यानं द्यायचं होतं.

सासू : मग सांगायचं होतं की तसं! कुणाला ठाऊक होतं हे?

सून : सगळ्यांना. आणि कुणालाच नाही. गिळणं तपासणारी मुलगी काल सकाळी आली, तिनं तिच्या निळ्या कागदावर लिहिलं. डॉक्टरांची फाइल वेगळी, त्यांनी निळा कागद बघितलाच नाही. आहारवाल्या बाईंना कळवलं, त्यांनी फक्त जेवण बदललं. पाण्याचा जग काही स्वयंपाकघरातून येत नाही.

सासू : आणि तो व्यायामवाला? तो तर तिला खुर्चीत बसवून सांगत होता, पाणी भरपूर प्या म्हणून. माझ्या या कानांनी ऐकलं.

सून : म्हणजे तुमचं लक्ष होतं.

सासू : कान काय खुंटीला टांगून ठेवू?

सून : तो सगळ्यांनाच तसं सांगतो. त्याला कुणी कळवलं नव्हतं. मी दुपारी मीटिंगला गेले, माझ्या पोरींची ड्युटी बदलली, एकीनं दुसरीला सांगितलं म्हणे, दुसरी म्हणते ऐकलं नाही. सकाळपासून मी पाच जणांना भेटले. पाचही जण म्हणतात, मी माझं काम केलं होतं.

सासू : मग काम सगळ्यांचं झालं आणि बाई तेवढी गुदमरली. छान.

सून : आता दोन वाजता मेट्रनबाईंना रिपोर्ट द्यायचाय. त्यांना एक नाव हवंय.

सासू : कुणाचं?

सून : ग्लास मावशींच्या हातात होता.

सासू : कुठली मावशी? ती सडपातळ? जी माझं भांडं नाक न मुरडता उचलते?

सून : तीच. विचारलं तर एकच म्हणते, 'सिस्टर, माझं चुकलं.' पुढे तोंड उघडत नाही. अकरा वर्षं झाली तिला इथं. कंत्राटावर आहे. नाव गेलं की संध्याकाळी घरी.

सासू : ती उशी परत सरकली बघ.

सून : उशी आत्ताच तर केली. काय झालं, आई?

सासू : पाय ठणकतोय. आणि तुम्हा शिकलेल्यांचं बघून डोकंही. एका बाईला पाच जण बघणार आणि एकाचा पत्ता दुसऱ्याला नाही! माझ्या घरात एकोणीस पानं उठायची दोन वेळा. चुलीशी तीन सुना. पण कधी कुणाला विचारायला लागलं नाही, भाजीत मीठ पडलं का म्हणून. जिनं मीठ घातलं तिनं झाकणावर पळी पालथी ठेवायची. संपलं. लांबून येणाऱ्या पोरालाही कळायचं.

सून : तो नियम कधीपासून आला, आठवतं?

सासू : पहिल्यापासून होता.

सून : नव्हता. माझ्या लग्नाला बावीस दिवस झाले होते. पाहुणे जेवायला बसले आणि भाजी तोंडात घालवेना. तिघींनीही मीठ घातलेलं... नाही, दोघींनी. मी घातलंच नव्हतं. तुम्ही सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंत.

सासू : जुनी भांडी कशाला बडवतेस आता?

सून : आज सकाळी मावशी माझ्यासमोर उभ्या होत्या ना, मान खाली घालून, तेव्हा मला त्या दिवशीची मीच दिसले. म्हणून.

सासू : मला माहीत होतं.

सून : काय?

सासू : तू नव्हतंस घातलं ते. थोरलीनं घातलं, मधलीनं घातलं. पण थोरली उलटून बोलली असती, मधली माहेरी जाऊन बसली असती. तू नवी. तुझं नाव घ्यायला सोपं होतं.

सून : सव्वीस वर्षांनी सांगताय.

सासू : दुसऱ्याच दिवशी पळीचा नियम केला की!

सून : नियम केलात. मला काही बोलला नाहीत.

सासू : सासूनं सुनेपुढे काय नाक घासायचं? नियम केला, त्यात सगळं आलं.

सून : नाही आलं, आई.

मावशी : सिस्टर, येऊ का? ह्या कपाटाच्या चाव्या. आणि हे माझं ओळखपत्र. मुकादम म्हणाले, आत्ताच देऊन टाक, नंतर गेटवर शोभा नको.

सून : मुकादमाला कुणी सांगितलं? अजून मी एक अक्षर लिहिलं नाही.

मावशी : लिहायचं काय त्यात. हात माझा होता. आजी, तुमची चादर बदलून जाते, सकाळची राहिली.

सासू : ठेव ती चादर.

मावशी : एका मिनिटाचं काम आहे, आजी.

सासू : ठेव म्हणते ना! आणि इकडे बघ. तोंडात काय मिठाची गुळणी धरलीयस? काल काय झालं ते सांग हिला.

मावशी : काही नाही झालं. माझं चुकलं.

सासू : तुझं कपाळ चुकलं! धाकटे, ऐक. ती सात नंबरची दुपारभर हात करत होती. बोलता येईना बिचारीला, नुसती ओठांकडे बोट न्यायची. व्यायामवाला पाणी प्या म्हणून गेलेला. मला बघवेना. मी हिला म्हटलं, दे तिला पाणी.

मावशी : जाऊ द्या ना, आजी.

सासू : मध्ये बोलू नकोस. ही म्हणाली, सिस्टरना विचारून येते. चार पावलं गेलीही. मी मागे बोलावलं.

सून : काय म्हणून?

सासू : म्हटलं, सिस्टर इथली असेल, घरी माझी सून आहे. माझ्यापुढे तिला काय विचारायचं? दे पाणी. असं. आणि हिनं दिलं.

सून : मावशी, हे मला का नाही सांगितलंत?

मावशी : तुमच्या सासूबाई आहेत, सिस्टर. तुम्ही सहा महिन्यांपूर्वी इनचार्ज झालात. लोक म्हणाले असते, हिच्या घरच्यांनीच वॉर्ड चालवायला घेतला. माझं काय, दोन घरची कामं धरीन.

सासू : बघ. अकरा वर्षं फरशी पुसणारी बाई तुझी अब्रू झाकतेय, आणि मी काल रात्री पोटभर जेवून झोपले.

सून : झोपला नाहीत. रात्रीच्या पोरीनं लिहून ठेवलंय, आठ नंबर जागी होती.

सासू : चोंबडी आहे ती पोरगी. चल, काढ तो कागद. घाल माझं नाव.

सून : पेशंटचं नाव घालून काय करू? तुम्हाला कोण काढणार?

सासू : मग हिचं घालणार?

सून : नाही. जे घडलं ते क्रमानं लिहिणार. निळा कागद कुठे राहिला, फाइल कुठे राहिली, कुणी कुणाला सांगितलं नाही. माझ्या नातेवाइकानं माझा हुद्दा वापरून हुकूम सोडला, तेही. आणि इनचार्ज म्हणून पहिलं नाव माझं. मावशी विचारायला निघाल्या होत्या, हेही. या सगळ्यांत विचारायला निघालेल्या त्या एकट्याच.

सासू : तुझी खुर्ची जाईल.

सून : गेली तर गेली. मेट्रनबाईंना नाव हवं होतं, मिळेल. फक्त त्यांना सोपं वाटलेलं नाही.

सासू : मग खाली माझी सही घे. शिकले नाही म्हणून काय झालं, सही येते मला. लिही की हे सगळं मी सांगितलं, कुणी दरडावून वदवून घेतलं नाही. मोठ्या डॉक्टरांना वाचू दे.

सून : द्या सही. आणि उद्या सकाळी आठला मी सगळ्यांना या खाटांपाशी उभं करणार आहे. डॉक्टर, गिळणंवाली, व्यायामवाला, आहारवाल्या बाई. दहा मिनिटं. मावशी, तुम्हीही.

मावशी : मी? मोठ्या डॉक्टरांच्या रांगेत? मी काय बोलणार हो?

सून : दिवसभरात कोण काय मागतं, कोण काय खात नाही, हे तुमच्याइतकं कुणाला कळतं?

सासू : आणि मोठे डॉक्टर नाही आले तर?

सून : मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहीन. रोज.

सासू : राहशील. हट्टी आहेस. माझ्या हाताखाली काढलेत दिवस.

सून : आणि ज्यांना साधं पाणी चालत नाही, त्यांचा ग्लास खाटेशेजारी पालथा. गिळणंवाली तपासून 'चालेल' म्हणाली की तो सरळ करायचा माझ्या पोरींनी, बाकी कुणी नाही. वाचता येवो न येवो, लांबून दिसेल.

सासू : पळी चोरलीस माझी.

सून : माझ्यामुळेच आली होती ना ती. मावशी, ते ओळखपत्र गळ्यात घाला आधी. मुकादमाशी मी बोलते.

मावशी : सिस्टर, सात नंबरचं काही कळलं का हो?

सून : सकाळपेक्षा श्वास बरा आहे म्हणाले. अजून दोन दिवस तिथेच. परत आली तर याच खाटेवर घेईन. आई, तुमचं सांगणं वर लिहिलंय, सही इथे. थोडं खाली करा, ओळीवर.

सासू : घे. वेलांटी जरा पडली, पण माझीच आहे. ...धाकटे.

सून : काय?

सासू : त्या भाजीत मीठ तू नव्हतं घातलं.

सून : हो, आई.

सासू : थोरलीला आणि मधलीलाही सांगेन, भेटायला आल्या की. दोघींसमोर. जा आता, दोन वाजतील. ...अगं मावशे, गेली का ती?

मावशी : गेल्या, टेबलापाशी बसून बाकीचं लिहिताहेत. काही हवंय का, आजी?

सासू : घसा कोरडा पडलाय बोलून बोलून.

मावशी : देते की पाणी. तुमचा ग्लास सरळच आहे.

सासू : असू दे सरळ. सिस्टरना विचारून ये आधी.