मिरवायचं रफू

दातांच्या दवाखान्यात सगळे गाल धरून बसले होते. शाळेतल्या बाई मात्र कोपर धरून बसल्या होत्या. स्वेटरला तिथेच भोक पडलं होतं. शेजारी एक सासू आणि तिची सून.

"अगं, हे बघ! आधी उभे धागे ताणायचे, मग सुई एकावरून, एकाखालून. चटईच विणायची!"

"छान झालंय, आई. पण करड्या मोज्यावर लालभडक?"

"रफू लपवायचे दिवस गेले. आता मिरवायचं!"

"हे मोजे तर परवाच आणले. फाटले कधी?"

"हा टाका बघ, कसा सुबक बसलाय!"

"आई?"

"घरात एक मेलं भोक सापडेना! मग काय, घेतली कात्री."

"आणि ह्यांचा पांढरा शर्ट?"

"पाठीवर आहे गं, छोटंसं पिवळं."

"अहो, तोच घालून मुलाखतीला गेलेत ते!"

"मग नोकरी पक्की समज!"

"माझ्या ओढणीकडे बघूसुद्धा नका हं."

"बरं बाई. पण हात नुसते शिवशिवतायत. आता भोक आणू कुठून?"

बाईंनी घसा खाकरला, कोपरावरचा हात काढला आणि बाही पुढे केली.

"मावशी, हिरव्यात जमेल?"