आमच्या घरी छाती म्हणत नाहीत

...आणि वर मलाच विचारतात, तुला इथं काही त्रास आहे का म्हणून. आता काय सांगायचं, तुम्हीच सांगा. सासूबाई ओरडत नाहीत, सासरे रागावत नाहीत, नवरा उलट बोलत नाही, सकाळचा चहा आयता हातात मिळतो, आणि अशा घरात मी तोंड वर करून सांगायला गेले की मला दुखतंय, तर लोक म्हणणार हिला सुख दुखतंय. पण खरंच दुखत होतं हो. इथं, डाव्या बाजूला. आणि ते सांगायची सोय नव्हती, कारण आमच्या सासरी छाती हा शब्दच उच्चारत नाहीत.

मी फार मोठ्यानं बोलतेय का? सवय गेलीय, म्हणून विचारलं.

तर लग्न ठरताना या लोकांनी एकच गोष्ट विचारली होती. मुलगी शांत आहे ना? शिक्षण नाही, स्वयंपाक नाही, काही नाही. आणि माझ्या बाबांनी छातीठोकपणे सांगितलं (माहेरी तो शब्द चालतो) की आमच्या मुलीचा आवाज आम्हीसुद्धा ऐकलेला नाही. ऐकतील कसा? आमचं घर लाकडाच्या वखारीच्या मागं, दिवसभर करवत चालू, आई मला हाक मारायची तर ओ शेजारीण द्यायची. मी चिक्कार बोलायचे, पण सगळं करवतीखाली जायचं. अबोल म्हणून नाव झालं ते असं.

आणि मग हे सासर. तुम्हाला सांगते, पहिल्याच दिवशी खुर्ची ओढली तर आवाजच नाही. खाली वाकून बघते तर खुर्चीच्या चारही पायांत लोकरीचे मोजे! टेबलाला मोजे, स्टुलाला मोजे. दारांच्या फटींत रबर. घंटीचं बटण दाबलं की बैठकीत नुसता लाल दिवा लागतो, आणि सगळे त्या दिव्याकडे बघत बसतात, मग कुणीतरी उठतं. कुकर शिट्टीच्या बेतात आला की सासूबाई खालचा गॅस बंद करतात. त्या बिचाऱ्या कुकरनं आमच्या घरात कधी तोंड उघडलेलं नाही. शिंक आली तर बाथरूममध्ये जायचं, दार लावायचं, आणि टॉवेलात शिंकायचं.

नवऱ्याला विचारलं, हे काय आहे? तो माझ्या कानाशी येऊन कुजबुजला की काही वर्षांपूर्वी त्याच्या बाबांना जिन्यात ते झालं होतं, तेव्हापासून घरात आवाज करत नाहीत. ते म्हणजे? हार्ट अटॅक? तर असं बघितलं माझ्याकडे, जसं मी काहीतरी अचकट विचकट बोलले.

"तसं काही नाही," म्हणाला.

हे आमच्या घरचं उत्तर. प्रश्न कुठलाही विचारा, तसं काही नाही.

बरं, पावलांचाही आवाज नाही. मी भांडी विसळत असायचे आणि मानेवर काहीतरी ऊन ऊन लागायचं, म्हणून वळून बघावं तर सासूबाई. इतक्या जवळ, की माझी वेणी त्यांच्या नाकाला लागावी. मी म्हणायचे, काही हवं होतं का आई? तर म्हणायच्या, तसं काही नाही, आणि जशा आल्या तशा निघून जायच्या. शिवाय त्या तिघांचा एक हात कायम छातीवर. सासरे खिडकीशी बसलेत, हात इथं. सासूबाई आमटीत डाव फिरवताहेत, दुसरा हात इथं. नवरा पेपर वाचतोय, हात इथं. मला आधी हसू यायचं. मग एकदा कपाटाच्या आरशात बघितलं, तर माझाही.

आणि एका दुपारी मी खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते आणि मला ते ऐकू आलं. धप्. धप्. धप्. कुणीतरी भिंतीपलीकडे जाड काहीतरी कुटतंय असं. बरा वाटला हो तो आवाज मला, माहेरचा वाटला. सासूबाईंना जाऊन विचारलं, शेजारी कसलं काम काढलंय का? त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, शेजारचं घर कधीपासून रिकामं आहे.

मी खोलीत परत आले, भिंतीला कान लावला. भिंत गप्प. कान काढला... धप्. धप्.

ते माझ्या आत चाललं होतं.

झालं, त्या दिवसापासून दुखायला लागलं. आधी टाचणी टोचल्यासारखं, मग कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं. मी मोबाईलवर वाचायला घेतलं, आणि तुम्हाला सांगते, माझ्याइतकं आज्ञाधारक शरीर कुणाचं नसेल. डावा हात जड होतो, असं वाचलं, की हात जड झाला. पुढच्या ओळीत जबडा होता. जबडा आला. त्याच्या पुढं दरदरून घाम, तो पंख्याखाली बसून आला. शेवटी लिहिलं होतं, मृत्यूची भीती वाटते. ती तर काय, वाचायच्या आधीपासूनच हजर.

सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगावं तर तो ओठांवर बोट ठेवून सासऱ्यांच्या खोलीकडे बघणार. रात्रंदिवस एकच वाटायचं, मी इथं या मोज्यांमध्ये मरून जाईन, आणि मेलेलीसुद्धा कुणाला ऐकू जाणार नाही.

म्हणून मग भाजी आणते सांगून एकटीच डॉक्टरकडे गेले. आत पाऊल टाकलं आणि बाकावर कोण? सासरे! हात छातीवर. शाळा बुडवून सिनेमाला गेलेली दोन पोरं थेटरात समोरासमोर यावीत तसे आम्ही. मी म्हटलं, बाबा तुम्ही? ते म्हणाले, तू गं कशी? आणि दोघं एकदमच म्हणालो, तसं काही नाही.

माझा नंबर आधी होता. डॉक्टरांनी तपासलं, कार्डिओग्राम काढला, तो कागद इकडून तिकडून बघितला आणि म्हणाले... ओळखा काय म्हणाले. अगदी तेच! मी म्हटलं, अहो, मग दुखतंय ते काय? तर म्हणाले, दुखतंय ते खरंच आहे, तुमचं हृदय मात्र चांगलं आहे. भीतीनं श्वास वरवर होतो, छातीचे स्नायू आखडतात, ते दुखतात, दुखलं की भीती वाढते, की पुन्हा आखडतात. दिवसभर बसून कुणी स्वतःचेच ठोके ऐकायला लागलं तर ते वाढणारच. घरात बोला, म्हणाले.

घरात बोला! मला हसूच आलं.

बाहेर आले तर सासरेही तपासून आले आणि आम्ही रस्त्यानं निघालो. गाड्या, भोंगे, कुणीतरी शटर ठोकतंय, आणि त्या सगळ्यात बाबा बोलायला लागले. केवढा मोठा आवाज होता त्या माणसात! म्हणाले, त्या वेळी ऑफिस बंद पडायला आलं होतं, त्या काळजीनं जिन्यात दुखलं, आणि डॉक्टरांनी मलाही हेच सांगितलं होतं. हृदय धडधाकट. मी म्हटलं, अहो मग घरी का नाही सांगितलंत?

"सांगायलाच आलो होतो गं. तोवर तुझ्या सासूनं खुर्च्यांना मोजे घातले होते. लाज वाटली मला."

आणि मग त्या शांततेत बसून बसून, म्हणाले, आता रोज खरंच दुखतं.

आम्ही ठरवलं, आजच सांगायचं. मीच बोलतो, बाबा म्हणाले, चांगले ठणकावून म्हणाले. पण जिना चढताना मजल्यामजल्याला आवाज कमी होत गेला आणि दारात नुसते ओठ हलत होते. जेवायला बसलो तर ते ताटातून मान वर काढेनात. मग मीच बोलले. वखारीत बोलायचे तशी.

"आई, आमच्या दोघांच्या छातीत दुखतं."

नवऱ्याचा घास हातात राहिला. मी सांगून टाकलं सगळं. आजार नाही, बाबांनाही कधी नव्हता, ही शांतता आता पुरे, हिच्यातच आमचा जीव घाबरतो.

सासूबाई रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. डाव खाली ठेवला.

"तुम्हाला आराम पडावा म्हणून नव्हतं ते," सासऱ्यांना म्हणाल्या. "त्या दिवशी जिन्यातून तुम्ही मला हाका मारल्यात. इथं कुकर चालू होता. मला ऐकूच आल्या नाहीत."

बाबांनी ताटातून मान वर काढली.

"आता कुठूनही मला तुमचा श्वास ऐकू येतो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. "तुझाही येतो. दुपारी तू मधेच धरून ठेवतेस. परवा फार वेळ धरलास. मी तुझ्या मागंच उभी होते, तू सोडेपर्यंत."



दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजे काढले, रेडिओ लावला. बाबा खुशीत. आणि स्वयंपाकघरात बघते तर सासूबाई भिंतीला धरून उभ्या, डोळे मिटलेले, रेडिओच्या पलीकडचं ऐकायची धडपड चाललेली, आणि थरथरत होत्या हो त्या. मीच जाऊन बंद केला. मीच मोजे घातले परत.

मग तडजोड निघाली. आवाज करायचा, पण आपण आहोत एवढं त्यांना कळेल इतकाच. म्हणजे खोकायचं. मी खोलीतून खोकते, मग खिडकीशी बाबा खोकतात, मग बाथरूममधून नवरा, आणि मग स्वयंपाकघरात डाव पुन्हा फिरायला लागतो. एखाद्याला उशीर झाला तर डाव थांबतो. सगळं घर थांबतं. मी घडी अर्धी धरून उभी राहते, शेजारच्या रिकाम्या घरातही कुणी थांबलंय असं वाटायला लागतं... आणि मग येतो तो खोकला, लांबून.

काल माहेरून आईचा फोन. डॉक्टरकडे गेले होते ते तिला मागंच सांगितलं होतं. करवतीवरून ओरडून तिनं विचारलं, छातीचं कसं आहे गं आता?

म्हटलं, छाती अगदी उत्तम आहे. घसा दुखतो.